बोअर आणि टँकरच्या पाण्यासाठी घरी आरओ बसवताना

आरओ मशीन बिघडलं म्हणून जी तक्रार होते, तिचं मूळ बऱ्याचदा मशीनमध्ये नसतं. वरची टाकी जवळ असल्याने दाब अपुरा असतो, फिल्टर उलटा जोडलेला असतो, नाहीतर रिजेक्टची, म्हणजे वाया जाणाऱ्या खाऱ्या पाण्याची, नळी कुठेतरी दुमडलेली असते. बसवण्याच्या दिवशी दोन-तीन तास नीट दिले की हे सगळं टळतं. काम कंपनीचा माणूस करणार असला तरी पुढचं वाचून ठेवा. शेजारी उभं राहून काय बघायचं, ते कळेल.

पाण्याचा आकडा आधी, मशीन नंतर

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पेनासारखा मीटर पाण्यात बुडवला की आकडा दिसतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. आरओची गरज आहे का, याचा पहिला अंदाज इथेच येतो.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं आणि पुण्याला खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं हे पाणी मुळातच हलकं. नळाला हेच पाणी असेल तर आरओ लावून, आधीच कमी असलेले क्षार काढून वर निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडण्यात काही अर्थ नाही. तिथे यूव्ही आणि यूएफचं मशीन पुरतं. यूव्ही दिवा जंतू निकामी करतो, यूएफच्या बारीक छिद्रांत जंतू आणि गढूळपणा अडकतो, क्षार मात्र जसेच्या तसे राहतात. दुकानदार 'आरओ प्लस यूव्ही प्लस यूएफ' असं सगळं एकत्र गळ्यात मारायला बघतो. आकडा ३०० च्या आत असेल तर सरळ नाही म्हणा.

बोअर आणि टँकरची गोष्ट वेगळी. बादलीवर पांढरे डाग, साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही, ही जड पाण्याची लक्षणं कुणालाही ओळखता येतात. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा तर मचूळ पाण्यासाठीच ओळखला जातो.

पण मीटर सगळं सांगत नाही. तो विजेच्या वहनावरून अंदाज बांधतो, त्यामुळे जंतू त्याला दिसत नाहीत, आणि नायट्रेट किंवा फ्लोराइड किती हे वेगळं कळत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि ते पाणी चवीला गोड लागू शकतं. बोअरचं पाणी प्यायचं असेल तर प्रयोगशाळेत एकदा तपासणी करून घ्याच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटलीत १ लिटर पाणी लागतं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. ती विसळायची नाही, आतून बोट लावायचं नाही, आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. बोअर आधी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच नमुना घ्या, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी तपासलं जाईल.

अहवालात पाच आकडे बघा: टीडीएस, एकूण कठीणपणा (२०० पर्यंत चांगला, ६०० ही कमाल), फ्लोराइड (१, कमाल १.५), नायट्रेट (४५, याला सूट नाही) आणि लोह. कठीणपणा ३०० च्या वर असेल तर मेम्ब्रेनच्या (क्षार अडवणाऱ्या आरओच्या पडद्याच्या) आधी अँटीस्केलंटचं, म्हणजे क्षार चिकटू न देणारं, काडतूस लागेल. लोह ०.३ च्या वर असेल तर आधी लोह काढायची सोय करा, मग आरओ. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींना हा प्रश्न नेहमीचा. उपसलेलं पाणी स्वच्छ दिसतं, तासाभरात बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. हाच गाळ मेम्ब्रेनवर बसला की मेम्ब्रेनचं आयुष्य काही महिन्यांवर येतं.

मशीनच्या आत काय असतं

डबा उघडला की नळ्यांचं जंजाळ दिसतं. पाण्याचा रस्ता पाठ केला की ते जंजाळ राहत नाही. पाणी आधी बाहेरच्या प्री-फिल्टरमधून येतं. त्यात गाळ अडवणारी दहा इंची पांढरी नळकांडी, म्हणजे स्पन, असतो, ५ मायक्रॉनचा. मग सोलेनॉइड व्हॉल्व, ज्याला सगळे एसव्हीच म्हणतात. वीज असली की तो उघडतो, गेली की बंद होतो. पुढे पंप, सेडिमेंट फिल्टर, कार्बन फिल्टर आणि मेम्ब्रेन. काही मशीनमध्ये सेडिमेंट आणि कार्बन पंपाच्या आधी असतात, त्याने फारसा फरक पडत नाही. कार्बन मेम्ब्रेनच्या आधी असलाच पाहिजे, कारण क्लोरीन मेम्ब्रेनचा पातळ पापुद्रा खाऊन टाकतं आणि कार्बन ते क्लोरीन अडवतो. टँकरवाल्याने ब्लीचिंग टाकलं असेल तर हे आणखीच महत्त्वाचं.

मेम्ब्रेनमधून दोन धारा निघतात. शुद्ध पाणी पोस्ट कार्बन (मेम्ब्रेननंतरचा कार्बन फिल्टर), यूव्ही वगैरे करत टाकीत जातं. उरलेलं खारं पाणी फ्लो रिस्ट्रिक्टरमधून मोरीत जातं. या बोटभर तुकड्याला एफआर म्हणतात आणि त्याच्यावर ३००, ३५०, ४५० असा आकडा असतो: मिनिटाला किती मिलिलिटर पाणी तो सोडतो, तो. मशीनचं पाण्याचं गणित याच तुकड्यावर ठरतं. घरगुती मेम्ब्रेन बहुतेक ७५ किंवा ८० जीपीडीचा (दिवसाला इतके गॅलन) असतो. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर, तासाला १२. एफआर ४५० चा असेल तर तासाला २७ लिटर रिजेक्ट, म्हणजे एका शुद्ध लिटरमागे सव्वादोन लिटर. एफआर ३०० चा असेल तर दीड लिटर. कमी वाया जातं म्हणून छोटा एफआर बरा वाटतो, पण बोअरचं पाणी जड असेल तर क्षार मेम्ब्रेनमध्येच साचून त्याचा दगड होतो. टीडीएस हजाराच्या वर आणि कठीणपणाही जास्त असेल तर ४५० च ठेवा. वाया जाणारं पाणी वापरायची सोय करता येते, दगड झालेला मेम्ब्रेन मात्र फेकावाच लागतो.

दाब मोजा

पंपाचं काम पाणी ढकलायचं, खेचायचं नाही. त्याच्या तोंडाशी साधारण ०.३ किलो (चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो, आणि दर ३ मीटर उंचीला एवढाच दाब मिळतो. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मशीनच्या निदान ३ मीटर वर हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावर इथेच गोची होते: मशीन भिंतीवर दीड मीटरवर टांगलेलं, टाकी स्लॅबवरच ठेवलेली, मधे जेमतेम दोन मीटर. मग पंप कोरडा घुरघुरतो आणि लो प्रेशर स्विच टक-टक करत मशीन चालू-बंद होत राहतं. उपाय दोन. टाकी लोखंडी स्टँडवर चढवा, किंवा मशीन भिंतीऐवजी ओट्याखाली ठेवता येईल असं घ्या.

खात्री करायची असेल तर बसवण्याआधी नळाला नळी जोडून तिचं टोक मशीनच्या उंचीवर धरा आणि मिनिटभर पाणी भांड्यात घ्या. एक-दीड लिटर आलं तर चालेल.

उलट बाजूला, उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब ३ किलोच्या वर जातो. तिथे प्री-फिल्टरची पारदर्शक वाटी तडकते, आणि तडकते ती रात्री, सगळे झोपलेले असताना. इनलेटला प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व लावून दाब २ किलोवर आणा.

सामान आणि जागा

हाताशी हवं ते: ड्रिल आणि ८ मिमीचा बिट, रावल प्लग आणि स्क्रू, टेफ्लॉन टेप, पाना, हाउसिंग उघडायचा प्लास्टिकचा गोल पाना, धारदार ब्लेड, पाव इंची नळी पाच-सहा मीटर, अर्ध्या इंची इनलेटचा कॉक, जादा एल्बो दोन-चार, निळ्या लॉक क्लिपा, टीडीएस मीटर, एक मोजपात्र आणि मोबाइलचं घड्याळ. नळी कापायला कात्री वापरू नका. कात्रीने टोक चपटं होतं आणि जॉइंट गळतो.

जागा निवडताना शेगडीपासून तीन फूट लांब राहा, आणि थेट ऊन येईल अशा खिडकीसमोर मशीन नको. पारदर्शक टाकीत उन्हाने शेवाळ धरतं. मशीनचा नळ ओट्यापासून इतका वर हवा की घरातलं मोठं भांडं, कळशी असेल तर कळशी, खाली सरळ मावेल. मशीनच्या तळाखाली १५ ते १८ इंच ठेवले की जमतं. सॉकेट ६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं, मशीनच्या बाजूला किंवा वर. खाली कधीच नाही. वायर आधी खाली लोंबत जाऊन मग सॉकेटकडे वर चढली पाहिजे, म्हणजे गळलेलं पाणी वायरीवरून सॉकेटात शिरत नाही.

भिंतीत कुठून काय गेलंय, ते बघा. नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली, तसंच स्विचबोर्डच्या सरळ रेषेत भोक पाडू नका. आतला पाइप किंवा वायर बहुतेक त्याच रेषेत असते. टाइल फुटू नये म्हणून आधी हॅमर बंद ठेवून, जागेवर चिकटपट्टी लावून टाइल पार करा, मग विटेत हॅमर चालू करा. भोक ५० मिमी खोल. टाकी भरल्यावर मशीनचं वजन वीस किलोच्या आसपास जातं, त्यामुळे दोन्ही स्क्रू विटेत घट्ट बसले पाहिजेत, नुसत्या प्लास्टरवर भागणार नाही. भिंत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकची असेल तर साधा रावल प्लग हळूहळू सुटतो, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात, ते घ्या.

जोडणी

इमारतीचा किंवा घराचा मुख्य कॉक बंद करून नळ उघडा, पाइपातलं पाणी जाऊ द्या. अँगल कॉक आणि नळाच्या मधे इनलेटचा टी-जोड बसवायचा. पेचांवर टेफ्लॉन टेप आठ-दहा वेढे, पेच आवळायच्या दिशेनेच गुंडाळा. उलटा गुंडाळला तर आवळताना तो सुटून बाहेर येतो. प्लास्टिकच्या पेचांना हाताने घट्ट, वर पान्याने पाव फेरा, बस्स. जोर लावला की सूक्ष्म चीर पडते आणि ती आठवड्याभराने बोलते. आणि हे कनेक्शन वरच्या टाकीच्या लाइनला घ्या. गीझरच्या गरम लाइनला चुकून जोडलं गेलं तर मेम्ब्रेन गेलाच.

पाव इंची नळी जोडताना टोक काटकोनात कापा आणि जोडात आत दोन टप्प्यांत जाते तशी पूर्ण ढकला. पहिल्या अडथळ्याला थांबलात तर ओ-रिंगच्या (आतल्या रबरी कड्याच्या) अलीकडेच नळी राहते. मग नळी मागे ओढून बघा, हलली नाही तर निळी क्लिप लावा. काढायची असेल तर क्लिप काढून कॉलर आत दाबून धरायची आणि नळी ओढायची.

प्री-फिल्टरच्या झाकणावर आत-बाहेरचा बाण असतो. पाणी स्पनच्या बाहेरून आत जातं. जोडणी उलटी झाली तर गाळ स्पनच्या आतल्या बाजूला साचतो. बाहेरून स्पन पांढराशुभ्र दिसतो आणि तुम्ही तो बदलतच नाही. सेडिमेंट, कार्बन आणि एसव्हीवरही असेच बाण असतात, एकेक तपासा. एसव्ही उलटा असेल तर तो बंद होऊनही पाणी सोडतो.

मेम्ब्रेन अजून बसवू नका. आधी कार्बनच्या पुढची नळी मेम्ब्रेन हाउसिंगमधून काढून बादलीत सोडा आणि १५-२० मिनिटं पाणी वाहू द्या. सुरुवातीला काळसर पाणी येईल, ती कार्बनची भुकटी. हे केलं नाही तर ती भुकटी थेट नव्या मेम्ब्रेनवर जाऊन बसते. घाईत सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच, कारण तिचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही.

पाणी स्वच्छ आलं की मेम्ब्रेन. हात धुऊन पिशवी कापा, मेम्ब्रेन मधे पकडा. एका टोकाला दोन बारीक ओ-रिंग असलेली दांडी असते, ते टोक आधी आत जातं आणि तळाच्या भोकात रुतून बसतं. दुसऱ्या टोकाला रबराची रुंद झालर असते, ती झाकणाच्या बाजूला राहते. ओ-रिंगला पाणी किंवा ग्लिसरीन लावा. तेल, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. मेम्ब्रेन ढकलताना शेवटी खटका बसल्यासारखा जाणवला पाहिजे. तो आला नाही तर खारं पाणी ओ-रिंगला वळसा घालून शुद्धात मिसळेल आणि तुम्ही मेम्ब्रेन बोगस निघाला म्हणत बसाल.

हाउसिंगच्या झाकणाकडे एकच भोक असतं, कच्चं पाणी तिथून आत येतं. दुसऱ्या टोकाला दोन. मधलं शुद्ध, कडेचं रिजेक्ट. रिजेक्टच्या नळीत एफआर. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर टाकीत रिजेक्ट भरतं आणि शुद्ध पाणी मोरीत जातं. मीटरला ते लगेच दिसेल, जिभेला मात्र कधीकधी दिवसभरही कळत नाही.

रिजेक्टची नळी सिंकच्या वेस्ट पाइपात घट्ट खुपसू नका. टोक हवेत, पाण्याच्या वर एक-दोन इंच मोकळं राहू दे, नाहीतर मोरी तुंबली की घाण पाणी नळीत चढतं. वाटेत घडी पडता कामा नये.

पहिली धार

इनलेट कॉक अर्धाच उघडा. प्रत्येक जॉइंटभोवती कोरडा टिशू पेपर गुंडाळा आणि मशीन चालू करा. सुरुवातीला नळ्यांत हवेचे बुडबुडे आणि पंपाचा खडखडाट असतो, पाच मिनिटांत थांबतो. मग कॉक पूर्ण उघडा. अर्ध्या तासाने टिशू बघा. ओला कागद डोळ्याला न दिसणारी गळतीही दाखवतो. हे टिशू रात्रभर ठेवले तर उत्तम.

नव्या मेम्ब्रेनला टिकवण्याचं औषध लावलेलं असतं, म्हणून पहिल्या दोन टाक्या भरून पूर्ण ओता. प्यायचं नाही, चहालाही नाही. याच वेळी टाकी निर्जंतुक करून घ्या. दहा लिटरच्या टाकीत ५ टक्क्यांचं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिली टाका, पाणी भरून अर्धा तास ठेवा, नळातून सोडून द्या, मग तीनदा विसळा. हे औषध थेट टाकीतच घालायचं. इनलेटमधून सोडलं तर मेम्ब्रेनची वाट लागेल.

टाकी भरली की फ्लोट वर येऊन पंप आणि एसव्ही दोन्ही बंद झाले पाहिजेत. रिजेक्टची धारही मिनिटभरात थांबली पाहिजे. थांबली नाही तर एसव्हीत कचरा अडकलाय किंवा तो उलटा आहे.

आता मोजा. मशीन सलग दहा मिनिटं चालल्यावर नमुना घ्या. बराच वेळ बंद असलेल्या मशीनचं पहिलं पाणी नेहमी जास्त आकडा दाखवतं, त्याला घाबरू नका. टीडीएस आत १२०० आणि बाहेर ८४ असेल तर १११६ कमी झाले, म्हणजे ९३ टक्के. नव्या मेम्ब्रेनचा आकडा ९० च्या वर हवा. मग वेळ. ७५ जीपीडीच्या मशीनमधून शुद्ध पाण्याचा एक लिटर पाच ते सात मिनिटांत यावा. ४५० च्या एफआरमधून रिजेक्टचा लिटर सव्वादोन मिनिटांत भरावा. तारीख, आत-बाहेरचा टीडीएस आणि हे दोन वेळ एका कागदावर लिहून मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवा. सहा महिन्यांनी काय बिघडलं, ते याच कागदाशी तुलना करून कळतं.

डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी येतं, ही तक्रार नाशिक-नागपूरकडे दरवर्षीची. पाणी एक अंश थंड झालं की मेम्ब्रेनमधून सुमारे ३ टक्के पाणी कमी येतं. २५ अंशांवरून १५ वर उतरलं तर पाऊण हिस्सा उरतो. मेम्ब्रेन बदलायला लावणाऱ्याला फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांगा. जास्त टीडीएसनेही पाणी तसंच कमी येतं: दर १०० मागे पंपाचा साधारण १ पीएसआय (दाबाचं एकक) दाब खर्ची पडतो, म्हणून २००० च्या पाण्यात मशीन कधीच डब्यावर लिहिलेल्या वेगाने भरणार नाही.

टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू

बऱ्याच मशीनमध्ये एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी शुद्धात मिसळतं आणि पाणी सपक लागत नाही. कच्चं पाणी नुसतंच क्षारयुक्त असेल तर ८० ते १५० च्या दरम्यान ठेवायला हरकत नाही. पण अहवालात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आलं असेल तर हा स्क्रू पूर्ण बंद करा आणि चव सहन करा. मिसळलेलं पाणी म्हणजे तेच फ्लोराइड पुन्हा ग्लासात. पाणी 'गोड' करून द्यायला मेकॅनिक हा स्क्रू न विचारता उघडतात, म्हणून प्रत्येक सर्व्हिसनंतर मीटर लावून बघा.

वाया जाणारं पाणी

आत १००० टीडीएस असेल आणि एक तृतीयांश पाणी शुद्ध होत असेल तर रिजेक्टचा टीडीएस १४५० च्या आसपास येतो, म्हणजे दीडपट. फरशी पुसायला, भांड्यांचा पहिला हात मारायला, संडासात ओतायला ते चांगलं. ओट्याखाली वीस लिटरचा कॅन ठेवा, पण त्याला ओव्हरफ्लोची नळी द्या, नाहीतर स्वयंपाकघरात तळं होईल. कुंड्यांना घालू नका. आधीच खारं असलेलं पाणी दीडपट खारं होऊन मातीत साचतं आणि पानांच्या कडा जळतात. ते वरच्या टाकीत परत चढवायची युक्तीही काही जण करतात. त्याने टाकीचाच टीडीएस चढत जातो.

बिघाड आणि कारणं

मशीन बंद असताना रिजेक्ट वाहतंय: एसव्ही. काढून, बाण बघून, आतला पडदा धुऊन बसवा. नाहीच थांबलं तर बदला, हा स्वस्त भाग आहे.

पंप चालू, शुद्ध कमी, रिजेक्ट भरपूर: एफआर निकामी होऊन पाणी सरळ सुटतंय, किंवा मेम्ब्रेन तुंबलाय. आधी एफआर बदलून बघा, मेम्ब्रेनला शेवटी हात घाला. रिजेक्ट जवळजवळ थांबलंय आणि शुद्धाचा टीडीएस चढतोय, तर एफआर क्षारांनी बंद झालाय. हे ताबडतोब बघायचं, कारण अशा अवस्थेत मेम्ब्रेन काही दिवसांत दगड होतो.

पंप चालू पण दोन्हीकडे पाणी नाही: स्पन चोंदलेला, एसव्ही उघडत नाही, किंवा नळीत घडी. २४ व्होल्टचा अडॅप्टर कमी व्होल्टेज देत असेल तरी एसव्ही उघडत नाही, मल्टिमीटर असेल तर मोजा.

टीडीएस एकदम चढला, हळूहळू नाही: मेम्ब्रेन मेलेला नसतो, ओ-रिंग सरकलेली असते किंवा कंट्रोलर कुणीतरी उघडलेला असतो. हळूहळू चढला आणि ९० वरून ८० टक्क्यांच्या खाली आला, तर मेम्ब्रेन संपला.

पाण्याला वास: पोस्ट कार्बन जुना झालाय किंवा टाकी धुतलेली नाही. यूव्ही दिवा निळा पेटतोय म्हणून काम करतोय असं समजू नका. साधारण ८००० तासांनी, म्हणजे सतत चालला तर अकरा महिन्यांत, त्याचा जोर ओसरतो, उजेड मात्र तसाच दिसतो. बदलताना दिव्याच्या काचेला उघड्या बोटांनी हात लावू नका, आणि पेटलेल्या दिव्याकडे बघू नका.

स्पन किती दिवसांनी बदलायचा, हे डब्यावर वाचून ठरवू नका. टँकरच्या पाण्याला दीड-दोन महिने, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. रंग तपकिरी झाला आणि धार मंदावली की बदला. कार्बन सहा ते बारा महिने. वरची टाकी वर्षातून दोनदा धुतली तर हे सगळं जास्त टिकतं.

आठवड्याहून जास्त गावाला जाणार असाल तर इनलेट कॉक बंद करा, प्लग काढा, टाकी रिकामी करा. मेम्ब्रेन ओला राहिला पाहिजे, म्हणून हाउसिंग उघडून वाळवत ठेवू नका. परत आल्यावर पंधरा मिनिटं चालवून ते पाणी आणि पहिली टाकी ओतून द्या.